मोलिएरची नाटकं मोलिएरचीच

‘संगीत संशयकल्लोळ’चा विषय निघाला की नाट्यवेड्या मंडळींच्या गप्पांना हल्ली एक ठरावीक वळण लागतं. कुणीतरी सांगतं, हे नाटक मुळात देवलांचं नाही, आर्थर मर्फी नावाच्या आयरिश नाटककाराचं आहे. दुसरा सांगतो, मर्फीनेही ते सतराव्या शतकातल्या मोलिएर या फ्रेंच नट-नाटककाराकडून घेतलं. मग तिसरा आवाज जरा खाली आणून, गुपित फोडावं तसं म्हणतो, की मोलिएरची नाटकं तरी मोलिएरची कुठे होती? ती त्याच्याच काळातल्या पिएर कोर्नेय या फ्रेंच कवी-नाटककाराने लिहून दिली होती. यावर चौथा मोबाइल पुढे करतो. तो वाद केव्हाच मिटला, २०१९ साली संशोधकांनी संगणकावर तपासलं, नाटकं मोलिएरचीच निघाली. इथे गप्पा संपतात. मला मात्र हा वाद सुरू होतो ती तऱ्हाही खटकते आणि संपतो तीही.

माझं म्हणणं आधीच सांगतो. नाटकं मोलिएरचीच आहेत, आणि हे कळायला संगणकाची वाट पाहायची गरज नव्हती. ज्याने कधी तालीम पाहिली आहे, एखाद्या नटाच्या तोंडात बसावं म्हणून वाक्य बदललेलं पाहिलं आहे, त्याला हे नाटकांच्या मजकुरातच दिसावं. या नाटकांवर एका ठरावीक कंपनीतल्या माणसांच्या, त्यांच्या शरीरांच्या, त्यांच्या घाईच्या आणि भांडणांच्या खुणा आहेत. बाहेरच्या माणसाला, मग तो कितीही मोठा कवी असो, त्या उमटवता आल्या नसत्या. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची वाटते. मोलिएरविषयीची शंका पुराव्यातून जन्मलेली नाही. तोंडाला रंग लावून लोकांना हसवणारा माणूस थोर वाङ्मय लिहू शकत नाही, या फार जुन्या समजुतीतून ती जन्मली. ती समजूत तशीच ठेवून नुसता निकाल फिरवला, तर काय साधलं?

माणूस कोण होता ते आधी पाहू. ज्याँ-बाप्तिस्त पोकलँ हे त्याचं खरं नाव. १५ जानेवारी १६२२ रोजी पॅरिसच्या सँत-उस्ताश चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. वडील गाद्या, पडदे, खुर्च्यांची मढवणी करणारे सधन कारागीर-व्यापारी, राजाच्या पदरी मानाचं पद असलेले. ते पद पुढे मुलाकडे यायचं होतं. मुलाने १६४३ च्या जूनमध्ये मादलेन बेजार आणि तिच्या भावंडांबरोबर नाटक कंपनी काढली. दोन वर्षांत कंपनी बुडाली आणि १६४५ च्या ऑगस्टमध्ये कर्जापायी तो शातलेच्या तुरुंगात गेला. देणेकऱ्यांत मेणबत्त्या पुरवणारा व्यापारी होता. तेव्हाचं नाटक मेणबत्त्यांच्याच उजेडात चालायचं. तिथून सुटल्यावर तेरा वर्षं त्याने फ्रान्सचे गावोगाव पालथे घातले. लियाँ, पेझेनास, बेझिए असा दक्षिणेकडचा मुलूख फिरत, कधी एखाद्या सरदाराच्या आश्रयाने, कधी आश्रय तुटल्यावर तसाच. २४ ऑक्टोबर १६५८ रोजी लूव्र राजवाड्यात वीस वर्षांच्या चौदाव्या लुईपुढे कंपनी उभी राहिली. आधी कोर्नेयची ‘निकोमेद’ ही शोकात्मिका केली, मग मोलिएरने स्वतः रचलेला एक छोटा फार्स. राजा हसला फार्सला. तिथून १७ फेब्रुवारी १६७३ पर्यंत, म्हणजे अवघ्या चौदा-साडेचौदा वर्षांत, या माणसाने नाटकं लिहिली, बसवली, मुख्य भूमिका केल्या, कंपनी चालवली आणि राजाच्या उत्सवांचे हुकूमही पुरे केले.

शंका मात्र त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ अडीचशे वर्षांनी आली. १९१९ साली पिएर लुईस या कवीने ती जाहीरपणे मांडली. मोलिएरच्या पद्यनाटकांत त्याला कोर्नेयचा सूर ऐकू आला, आणि अशा ओळी एका विदूषकाच्या हातून उतरणार नाहीत असं त्याला वाटलं. हाच तो लुईस, ज्याने १८९४ साली स्वतःच्या कविता एका प्राचीन ग्रीक कवयित्रीच्या म्हणून छापल्या होत्या आणि काही काळ जाणत्यांनाही फसवलं होतं. मुखवट्याआड लेखक दडलेला असतो, हा त्याचा स्वतःचा अनुभव होता. कदाचित म्हणूनच त्याला दुसरीकडेही मुखवटाच दिसला. पुढे २००१ साली दोमिनिक आणि सिरिल लाबे यांनी शब्दांची मोजणी करून सांगितलं, की मोलिएरच्या कितीतरी नाटकांचा शब्दसाठा कोर्नेयच्या दोन विनोदी नाटकांच्या इतका जवळ आहे, की लेखक एकच असला पाहिजे. लुईसच्या कानाला आता आकड्यांचा आधार मिळाला. २०१९ साली फ्लोरियाँ काफिएरो आणि ज्याँ-बाप्तिस्त काँ यांनी जास्त बारकाईने, यमकं, व्याकरणाची वळणं, लहानसहान अव्ययं अशा अनेक अंगांनी तपासणी केली आणि मोलिएरची नाटकं कोर्नेयपासून स्पष्टपणे वेगळी पडतात असं दाखवलं.

संशय घेणाऱ्यांना मी वेड्यात काढणार नाही. त्यांच्याकडे काही मुद्दे आहेत आणि ते टाळून पुढे जाणं हा लबाडपणा होईल. मोलिएरच्या हातचं नाटकाचं एकही पान उरलेलं नाही. उरल्यात त्या सह्या आणि पैशाच्या पावत्या. पॅरिसमध्ये नाव झालं तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता. त्याआधी त्याच्या नावावर दोन पद्य विनोदिका आणि काही फार्स एवढंच. पॅरिसला येण्याआधी १६५८ च्या उन्हाळ्यात कंपनी मुक्कामाला होती ती नेमकी रूआँला, कोर्नेयच्या गावी. कोर्नेय आणि मोलिएर यांनी मिळून एक नाटक लिहिलं हे तर निर्विवाद आहे. १६७१ च्या ‘प्सिशे’चा मोठा भाग कोर्नेयचा आहे. शिवाय कोर्नेयला विनोद जमत नव्हता असंही नाही. ‘खोटारडा’ हे त्याचं नाटक १६४० च्या दशकातल्या फ्रेंच विनोदिकांत उठून दिसतं. हे सगळं एका ओळीत मांडलं की क्षणभर मन डळमळतं, माझंही डळमळलं होतं.

पण एकेक मुद्दा हातात घेऊन पाहा. हस्तलिखित नाही, खरं. त्या काळी नाटक छापून झालं की हस्तलिखित जपून ठेवायची रीतच नव्हती. ही उणीव त्या शतकातल्या फ्रेंच नाटककारांत सर्रास आढळते. हस्तलिखित नसणं हाच चोरीचा पुरावा धरायचा, तर त्या तराजूत कोर्नेय तरी किती टिकेल? विसाव्या शतकात मिखाईल शोलोखोव या रशियन कादंबरीकारावरही असाच आरोप झाला. एवढ्या कोवळ्या वयाच्या, फारसं न शिकलेल्या पोराने एवढी अफाट कादंबरी कशी लिहिली, मूळ प्रत कुठे आहे, असं दशकानुदशकं विचारलं गेलं. १९९९ मध्ये मूळ प्रत मॉस्कोच्या संस्थेच्या हाती आली. प्रत सापडेपर्यंत त्या माणसाला चोर म्हणत राहणं न्यायाचं होतं का? मोलिएरची प्रत कधीच सापडणार नाही कदाचित. म्हणून त्याने कायम पिंजऱ्यात उभं राहायचं?

उशिरा फुललेली प्रतिभा हा दुसरा मुद्दा. यात तेरा वर्षांचा प्रवास हा रिकामा काळ धरला जातो. ज्याला फिरत्या नाटक मंडळीचं आयुष्य ठाऊक आहे, तो असं म्हणणार नाही. रोज नवं गाव, नवा प्रेक्षक. आज जे हसले ते उद्या हसले नाहीत, तर का नाही हसले याचा विचार करत पुढचा मुक्काम गाठायचा. ही तेरा वर्षं म्हणजे शाळाच होती. आणि रूआँच्या त्या उन्हाळ्याआधीच लियाँमध्ये ‘वेंधळा’ आणि १६५६ मध्ये बेझिए इथे ‘प्रेमाचा रुसवा’ ही पद्यनाटकं त्याने रंगमंचावर आणली होती. कोर्नेयच्या घरापासून शेकडो मैल लांब. रूआँच्या भेटीत सगळं ठरलं म्हणावं, तर ही दोन नाटकं कुठून आली?

आकड्यांकडे वळतो. सतराव्या शतकातलं फ्रेंच पद्यनाटक बारा अक्षरांच्या ओळीत, जोडयमकांत चालतं. वृत्त ठरलेलं, यमकं ठरलेली, विषय लग्न, बाप, वारसा, नोकर हेच. आपल्याकडच्या एकाच काळातल्या दोन कवींच्या आर्या शेजारी ठेवून शब्द मोजले, तरी निम्मं साम्य वृत्तानेच आणून दिलेलं असेल. शब्दांचं अंतर कमी आहे यावरून वाङ्मयप्रकार आणि काळ यांचं अंतर कमी आहे एवढंच कळतं, आणि २०१९ च्या अभ्यासाचं मोल हेच की त्याने ही सरमिसळ बाजूला करायचा प्रयत्न केला. मी तो अभ्यास मानतो. तरीही ‘यंत्राने सांगितलं’ हे उत्तर मला अपुरं वाटतं. २००१ मध्येही आकडेच होते आणि तेव्हा ते उलट बोलत होते. उद्या तिसरी पद्धत निघेल. आज आपल्या बाजूने लागला म्हणून जो निकाल मान्य, तो उद्या विरुद्ध लागला तर काय करायचं? ज्याच्याकडे स्वतःचं कारण नाही, त्याला दर वीस वर्षांनी मत बदलावं लागेल.

माझं पहिलं कारण मोलिएरच्या शत्रूंकडून येतं. डिसेंबर १६६२ मध्ये ‘बायकांची शाळा’ रंगमंचावर आलं आणि पुढचं वर्षभर पॅरिसमध्ये त्यावरून युद्ध पेटलं. प्रतिस्पर्धी कंपनीच्या लेखकांनी त्याच्यावर नाटकांतून, पत्रकांतून तुटून पडायचं बाकी ठेवलं नाही. इटालियन नटांची नक्कल करतो म्हणाले, स्पॅनिश नाटकांतून चोरतो म्हणाले, सरदार लोक त्याला टिपणं पुरवतात म्हणाले, धर्म बुडवतो म्हणाले. माँफ्लेरी नावाच्या नटाने तर राजाकडे अर्ज केला, की या माणसाने पूर्वी एका बाईशी संबंध ठेवला आणि आता तिच्याच मुलीशी लग्न केलं. याहून खालच्या पातळीवर जाता येत नाही. इतकं सगळं बोलणाऱ्या लोकांतल्या एकालाही ‘नाटकं कोर्नेयची आहेत’ असं सुचलं नाही? पॅरिसचं नाट्यविश्व तेव्हा इतकं लहान होतं की नट, कवी, छापखानेवाले, सगळे एकमेकांना ओळखत. रासिन या तरुण नाटककाराचं पाहा. त्याचं पहिलं नाटक मोलिएरनेच रंगमंचावर आणलं. पुढच्याच वर्षी त्याने दुसरं नाटक मोलिएरच्या कंपनीत चालू असतानाच प्रतिस्पर्धी कंपनीला दिलं आणि दोघांचं कायमचं फाटलं. कोर्नेय तर रासिनचा प्रतिस्पर्धीच. एका दगडात दोघांना टिपायची अशी संधी रासिनने सोडली असती?

खुद्द ‘बायकांची शाळा’ कोर्नेयच्या विरोधात साक्ष देतं. पहिल्याच अंकात एका शेतकऱ्याची गोष्ट येते. त्याचं नाव ‘गलेलठ्ठ पिएर’. चतकोर जमीन, तिच्याभोवती चिखलाचा चर खणला आणि स्वतःला ‘बेटाचे जहागीरदार’ म्हणवू लागला. त्या काळच्या पॅरिसमध्ये ‘बेटाचे’ ही पदवी नावापुढे लावणारा एक जण सर्वांना माहीत होता: तोमा कोर्नेय, पिएर कोर्नेयचा सख्खा धाकटा भाऊ. त्याच नाटकात, दुसऱ्या अंकाच्या शेवटी, कोवळ्या पोरीला धाकात ठेवणारा म्हातारा गरजतो, ‘मी मालक आहे, मी बोलतो, जा, ऐका.’ ही ओळ कोर्नेयच्या त्याच वर्षीच्या ‘सेर्तोरियुस’ या शोकात्मिकेतून उचललेली आहे. तिथे ती रोमन सेनापतीच्या तोंडी शोभते, इथे ती हास्यास्पद होते. आपल्या पाठच्या भावाची भर थिएटरात थट्टा व्हावी आणि आपली ताजी ओळ विडंबनासाठी वापरली जावी, हे कोर्नेयने स्वतःच्या हाताने लिहून दिलं असं मानायचं का?

दुसरं कारण घाईचं. मे १६६४ मध्ये व्हर्सायच्या उत्सवासाठी ‘एलिदची राजकन्या’ हवी होती. मोलिएरने ती पद्यात सुरू केली. पहिला अंक झाला, दुसरा सुरू झाला आणि वेळ संपला. उरलेलं सगळं गद्यात आहे. छापील प्रतीत तशी सरळ टीपच आहे, की लेखकाचा विचार सगळी विनोदिका अशीच पद्यात करायचा होता, पण राजाच्या हुकमाची घाई झाली. आता ‘प्सिशे’ची हकीकत शेजारी ठेवा. तिथेही घाईच होती. मोलिएरने प्रास्ताविक, पहिला अंक आणि दुसऱ्या-तिसऱ्या अंकांचे पहिले प्रवेश लिहिले. बाकीचं पद्य पासष्टीकडे झुकलेल्या कोर्नेयने पंधरा दिवसांत पुरं केलं. गाण्यांचे शब्द किनोने दिले. हे गुपित राहिलं का? नाटकाच्या छापील प्रतीच्या सुरुवातीलाच कुणी किती लिहिलं हे नोंदवलेलं आहे. कोर्नेय पंधरा दिवसांत चार अंकांचं काम उरकू शकत होता आणि तो मोलिएरचा छुपा लेखक होता, तर १६६४ मध्ये राजासमोर अर्धवट पद्य, अर्धवट गद्य असं ठिगळ लावलेलं नाटक का गेलं? आणि कोर्नेयची मदत लपवायचीच होती, तर १६७१ मध्ये ती पहिल्या पानावर का छापली? कंपनीतला नट ला ग्रांज रोजचा हिशेब लिहीत असे, ती वही आजही आहे. ‘आतिला’साठी कोर्नेयला दोन हजार लिव्र दिल्याची नोंद तीत आहे. मोलिएरच्या मृत्यूनंतर त्याचं गद्य ‘डॉन जुआन’ पद्यात करून घ्यायचं ठरलं, तेव्हा ते काम तोमा कोर्नेयने केलं आणि १६७७ मध्ये ते रंगमंचावर आलं. म्हणजे कोर्नेय बंधूंशी या कंपनीचा व्यवहार उघड होता. विनोदी नाटकाची कोर्नेयला लाज वाटे, म्हणून तो पडद्याआड राहिला असं सांगतात. पण स्वतःच्या नाट्यसंग्रहात त्याने आपल्या विनोदिका नावानिशी छापल्या आणि त्यांवर विवेचनही लिहिलं. मग लाज कशाची?

माझं तिसरं कारण मला सगळ्यात जवळचं आहे, कारण ते नाटकाच्या आतलं आहे. कंपनीतला नट लुई बेजार लंगडत असे. ‘कंजूष’मध्ये त्याला नोकराची भूमिका आहे, आणि नाटकातला कंजूष म्हातारा हारपागाँ त्याच्यावर ओरडतो: हा लंगडा कुत्रा मला डोळ्यांसमोर नको. नटाचं लंगडणं लपवता येत नव्हतं, म्हणून ते नाटकातच ओवलं. हारपागाँ खोकतो, आणि लग्न जुळवणारी बाई त्याला सांगते, तुम्हाला खोकणंसुद्धा शोभून दिसतं. हारपागाँ मोलिएर स्वतः करत होता. हा खोकला त्याच्या स्वतःच्या छातीतला होता असं जुने चरित्रकार सांगत आले आहेत. ‘तार्त्युफ’मधला ढोंगी भक्त अन्नपाण्याविना वाळलेला नाही, तो ‘जाडजूड, गुबगुबीत’ आहे, कारण ती भूमिका द्यू क्रोआझी या अंगाने भरलेल्या नटाची होती. आणि लठ्ठपणामुळेच त्या ढोंगाला धार आली, वाळलेला भोंदू कुणालाही सुचला असता. ऑक्टोबर १६६३ च्या ‘व्हर्सायची ऐनवेळची नाटिका’मध्ये तर सगळी कंपनी आपापल्या खऱ्या नावाने तालीम करताना दिसते. मोलिएर बायकोला, आर्मांदला, गप्प बस म्हणून खडसावतो. ती उत्तर देते, लग्नाने माणसं किती बदलतात, अठरा महिन्यांपूर्वी तुम्ही मला असं बोलला नसता. त्यांचं लग्न झालं होतं फेब्रुवारी १६६२ मध्ये. हे वाक्य दुसऱ्या गावात, अभ्यासिकेत बसलेल्या कुणी लिहून धाडलं असेल? घरातल्या माणसानेच लिहावं असं ते वाक्य आहे.

विनोदाची घडणही पाहायला हवी. संशय घेणारे बहुतेक जण फार्स मोलिएरला देऊन टाकतात आणि ‘तार्त्युफ’, ‘माणूसघाणा’ अशी मोठी पद्यनाटकं कोर्नेयकडे नेतात. ही वाटणी नाटकं वाचताना टिकत नाही. ‘तार्त्युफ’मध्ये त्या भोंदूला घरात ठेवून घेतलेला ओर्गाँ प्रवासाहून परततो. मोलकरीण सांगते, बाईसाहेबांना ताप होता. तो विचारतो, ‘आणि तार्त्युफ?’ ती सांगते, तो मजेत आहे, दोन तितर खाल्ले. तो हळहळतो, ‘बिचारा!’ पुन्हा बायकोचा आजार, पुन्हा ‘आणि तार्त्युफ?’, पुन्हा ‘बिचारा!’ चार वेळा. ‘कंजूष’मध्ये मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधण्याचं एकच कारण हारपागाँ पुन्हा पुन्हा सांगतो, ‘हुंड्याशिवाय!’ ‘स्कापाँची लबाडी’मध्ये बाप मुलाच्या सुटकेचे पैसे काढताना एकच विचारत राहतो, त्या जहाजावर तो मरायला गेला कशाला? ‘काल्पनिक रोगी’मध्ये डॉक्टर बनून आलेली मोलकरीण प्रत्येक लक्षणावर एकच निदान करते, ‘फुप्फुस!’ पहिलं पद्यात, बाकीची तीन गद्यात. एकाच शब्दाला धरून माणूस अडकतो आणि प्रत्येक वेळी त्या शब्दाचा अर्थ थोडा अधिक उघडा पडतो, ही युक्ती जत्रेतल्या फार्सची आहे. प्रेक्षक तिसऱ्या वेळी हसणार की चौथ्या, हे रंगमंचावर उभं राहून कळतं. कोर्नेयच्या ‘खोटारड्या’त गंमत आहे ती एकावर एक रचल्या जाणाऱ्या थापांच्या कारागिरीत, ती बुद्धीने रचलेली गंमत आहे, आणि मला आवडते, पण हा हात तिथे नाही.

‘मग चोरीचं काय?’ असं विचारलं जाईल, कारण आत्ताच सांगितलेली जहाजाची गंमत सिरानो द बेर्झराकच्या एका नाटकातून आली आहे. ‘कंजूष’ची मुळं रोमन प्लाउतुसमध्ये आहेत, ‘नवऱ्यांची शाळा’ची तेरेन्समध्ये. कबूल. पण याच तर्काने संशयवाल्यांचा दावा ढासळतो हे लक्षात येत नाही का? ज्याला कथा कुठूनही घेण्यात संकोच नव्हता आणि जो ती उघड घेत होता, त्याला छुपा लेखक ठेवायची काय गरज? इथे आपलं ‘संशयकल्लोळ’ मदतीला येतं. १६६० च्या ‘स्गानारेल’मध्ये एका तरुणीला मूर्च्छा येते, तिच्या हातातली प्रियकराची तसबीर पडते, तिला सावरणाऱ्या नवऱ्याला बायको पाहते, ती तसबीर बायकोच्या हाती लागते, आणि मग दोघांच्याही डोक्यात संशयाचा किडा शिरतो. मर्फीने १७६१ मध्ये ते लंडनला नेलं, देवलांनी १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव’ म्हणून मराठीत आणलं, १९१६ मध्ये त्याला पदं मिळाली. तसबीर तीच राहिली. पण फाल्गुनरावाची ती धांदल, कृत्तिकेचा तो फणकारा, भादव्याचं ते बोलणं फ्रेंचमध्ये कुठे आहे? देवल स्वतः नट होते, तालमी घेत होते. कोणतं वाक्य कुणाच्या तोंडी कसं पडेल हे त्यांना ठाऊक होतं. अत्र्यांनी ‘कंजूष’वरून ‘कवडीचुंबक’ केलं, तेव्हाही हेच घडलं. कथा प्रवास करते, बोलणं मात्र ज्याचं त्यालाच घडवावं लागतं. देवलांचं मोठेपण आपण मानतो आणि त्याच कारणासाठी मोलिएरवर शंका घेतो, हे कसं?

मोलिएरच्या बाजूने बोलणाऱ्यांचीही एक चूक आहे. फ्रेंच लोक आपल्या भाषेला ‘मोलिएरची भाषा’ म्हणतात, म्हणून तिथे हा वाद राष्ट्राच्या अब्रूचा होतो आणि त्यांच्या बचावात एक एकांडा महापुरुष उभा केला जातो, ज्याने सगळं स्वतःच्या डोक्यातून काढलं. असा माणूस नव्हता. पॅरिसमध्ये आल्यावर तो इटालियन नटांच्या कंपनीशी एकच थिएटर वाटून घेत होता आणि त्यांच्याकडून शिकत होता. मादलेन बेजारने त्याला रंगमंचावर उभं केलं, ला ग्रांजने हिशेब सांभाळले आणि मरणानंतर १६८२ मध्ये त्याची नाटकं छापून आणली, द्यू क्रोआझीच्या पोटाने तार्त्युफ घडवला. एकांड्या प्रतिभेचं चित्र रंगवलं की संशयाला जागा मिळते, कारण एकटा नट इतकं कसं करेल हा प्रश्न मग खरा वाटू लागतो. कंपनीतला माणूस म्हणून पाहिलं, की प्रश्नच उरत नाही.

राहिला तो जुना समज. दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये तेरेन्स नावाचा, गुलामीतून सुटलेला एक आफ्रिकी नाटककार होता. त्याची भाषा इतकी नितळ होती की लोक म्हणू लागले, ही नाटकं याची नाहीत, याच्या उमराव मित्रांची आहेत. त्याला १६० इसवी सनपूर्वच्या आपल्या नाटकाच्या प्रास्ताविकात याला उत्तर द्यावं लागलं. सोळाव्या शतकात मोंतेन्यसारखा विचारी माणूसही ती अफवा खरी धरून चालला. शेक्सपिअरच्या बाबतीत एकोणिसाव्या शतकात तेच झालं. हातमोजे करणाऱ्याच्या पोराला एवढं राजदरबारचं ज्ञान कसं, म्हणून एखादा विद्वान, एखादा सरदार शोधला गेला. गुलाम, हातमोजेवाल्याचा मुलगा, गाद्यावाल्याचा मुलगा. शंका नेमक्या याच दारांशी का येऊन थांबते? सरदारपुत्राने उत्तम नाटक लिहिलं, तर ते त्याच्या नोकराने लिहिलं असेल असं कुणी शोधत बसतं का?

मोलिएरच्या बाबतीत तर हा समज त्याच्या देहापर्यंत पोचला होता. ‘तार्त्युफ’ मे १६६४ मध्ये पहिल्यांदा झालं आणि बंदी आली. एका धर्मगुरूने त्याला माणसाच्या कातडीतला सैतान म्हटलं आणि जाळायची भाषा केली. १६६७ मध्ये नाव बदलून एक प्रयोग झाला, दुसऱ्या दिवशी पुन्हा बंदी. मोकळेपणाने ते रंगमंचावर आलं ५ फेब्रुवारी १६६९ ला. त्या पाच वर्षांत राजाला अर्जांवर अर्ज कुणी केले? उत्पन्न कुणाचं बुडालं? कोर्नेयने एक शब्द लिहिल्याचा पुरावा नाही. आणि मोलिएर वारला, तेव्हा नटाने आपला धंदा सोडल्याची शपथ मरणापूर्वी घेतली नाही म्हणून चर्चने दफन नाकारलं. आर्मांदला आर्चबिशपकडे विनवणी करावी लागली, राजाला मध्ये पडावं लागलं. मग परवानगी मिळाली ती अशी, की गाजावाजा नको, दोनच धर्मगुरू, आणि दिवसाउजेडी नको. २१ फेब्रुवारी १६७३ च्या रात्री मशालींच्या उजेडात त्याला पुरलं. तेव्हा नटाला कबर नाकारणारे आणि आता त्याच नटाला लेखणी नाकारणारे, यांच्यात मला फार अंतर दिसत नाही.

आता एकच प्रवेश सांगतो. ‘काल्पनिक रोगी’चा तिसरा अंक. नायक आर्गाँ, आजाराच्या कल्पनेने पछाडलेला, भूमिका मोलिएरची. भाऊ त्याला म्हणतो, तुला मोलिएरची एखादी विनोदिका दाखवायला हवी. आर्गाँ भडकतो. तो मोलिएर उद्धट माणूस आहे, डॉक्टरांची थट्टा करतो. मी डॉक्टर असतो तर तो आजारी पडला की त्याला औषधपाण्याविना मरू दिलं असतं, मर म्हणालो असतो, मर! त्यावर भाऊ शांतपणे सांगतो, मोलिएर तुमच्या डॉक्टरांकडे मदत मागणारच नाही. औषधं सोसायला धडधाकट माणूस लागतो. त्याच्यात ताकद आहे ती फक्त आपला आजार सोसण्याएवढी. हा प्रवेश १० फेब्रुवारी १६७३ पासून तीन वेळा झाला होता. १७ फेब्रुवारीला चौथा प्रयोग होता. मोलिएरने तो शेवटपर्यंत केला, त्याला रिश्लिय रस्त्यावरच्या घरी नेण्यात आलं, आणि त्याच रात्री तो गेला.